ड्रायव्हर विकण्याआधी स्विंगचा वेग मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

क्रीडा पानावर गोल्फला हल्ली थोडीफार जागा मिळू लागली आहे, याचा आमच्यासारख्यांना फार आनंद होतो. पण नव्या ड्रायव्हरविषयी, म्हणजे सुरुवातीचा लांब फटका मारायच्या काठीविषयी, कुठेही काही छापून आले की सगळा मजकूर चेंडू किती लांब जातो याभोवतीच फिरतो. कोणाच्या हातून लांब जातो, हे मात्र कोणी लिहीत नाही. येरवड्याच्या कोर्सवर भल्या सकाळी पहिल्या टीवर, म्हणजे खेळ सुरू करण्याच्या जागी, उभे राहणाऱ्यांत साठी-सत्तरी ओलांडलेले आम्ही बरेच जण असतो. अमेरिकेच्या पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धामालिकेतील खेळाडूच्या स्विंगचा, म्हणजे फटक्याच्या वेळी ड्रायव्हरच्या डोक्याचा, वेग ताशी सरासरी 115 मैलांच्या घरात असतो, आमचा 75 ते 85. दोघांना एकच ड्रायव्हर कसा चालेल?

पत्र लिहायला निमित्त झाले माझ्या एका मित्राचे. बँकेतून निवृत्त झालेला, गुडघ्याचे ऑपरेशन झालेले, तरी खेळायला रोज तयार. मुलाने हौसेने पैसे दिले आणि याने एका दुकानातून 9 अंश लॉफ्टचा (फेस, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, जितकी मागे कललेली तो कोन), स्टिफ म्हणजे कडक शाफ्टचा (दांड्याचा) ड्रायव्हर आणला. दुकानात चेंडू मारून पाहायला जाळी होती, स्विंगचा वेग मोजणारे यंत्रही होते. पण 'सर, सध्या सगळ्यात लांब हाच जातोय' एवढे सांगून विक्रेत्याने बिल केले, एक चेंडूसुद्धा मारून पाहायला सांगितले नाही. कोर्सवर चेंडू कमरेएवढ्या उंचीने निघायचा आणि उजवीकडे वळून झाडीत शिरायचा. मित्राला वाटू लागले की आता आपले वयच झाले. आमची बॅग वाहणाऱ्या कॅडीने तो ड्रायव्हर मागून घेतला, उलटा करून तळावरचा आकडा वाचला, शाफ्ट दोन्ही हातांनी जरा दाबून पाहिला आणि म्हणाला, "साहेब, तुमचं काही चुकत नाही. यानं बॉल उठणारच नाही. तुम्हाला बाराचा घ्या, शाफ्ट हलका घ्या." दुसऱ्या एका सभासदाचा 12 अंशांचा ड्रायव्हर मित्राने मागून घेतला, आणि पहिल्याच सकाळी त्याचे चेंडू फेअरवेवर, म्हणजे मधल्या कापलेल्या गवतावर, पडू लागले.

मी पिंपरीच्या कारखान्यात यंत्रांच्या डिझाइनचे काम करत निवृत्त झालो, म्हणून यामागचे गणित सांगावेसे वाटते. चूक पोटात घालणारा ड्रायव्हर म्हणजे चेंडू फेसच्या मध्यावर न लागता टोकाकडे किंवा शाफ्टलगतच्या टाचेकडे लागला, तरी ज्याचे डोके फार पिळत नाही असा. त्यासाठी जडत्व आघूर्ण, म्हणजे पिळाला होणारा विरोध, वाढवावे लागते. डोक्याचे वजन 200 ग्रॅमच्या आसपासच ठेवावे लागते, आणि नियमानुसार आकारही 460 घन सेंटिमीटरच्या वर नेता येत नाही. मग हातात उरते ते वजन मध्यापासून लांब सरकवणे. वीस ग्रॅमचा तुकडा गुरुत्वमध्यापासून दोन सेंटिमीटरऐवजी पाच सेंटिमीटरवर बसवला, तर अंतर वाढते अडीच पट, पण पिळाला त्याचा विरोध वाढतो सव्वासहा पट. वरची टोपी कार्बनची करून ग्रॅम-ग्रॅम वाचवायचे आणि मागच्या कडेला टंगस्टनचा ठोकळा लावायचा, हा सगळा खटाटोप एवढ्यासाठीच. ही अभियांत्रिकी मला खरोखर सुंदर वाटते. उभ्या अक्षाभोवतीच्या जडत्व आघूर्णाला 5,900 ग्रॅम-वर्ग सेंटिमीटर ही नियमाने घातलेली मर्यादा आहे. 2024 मध्ये पिंग आणि टेलरमेड या कंपन्यांनी 10 हजारांचा आकडा मिरवला, ती दोन अक्षांवरची बेरीज होती.

पण नुसते एवढे पाहून आमच्या वेगाच्या माणसाने ड्रायव्हर घेऊ नये. त्याआधी लॉफ्ट पाहावा. 115 मैलांचा खेळाडू चेंडू 10-11 अंशांत सोडतो आणि तरी तो हवेत टिकतो, कारण वेगच तेवढा असतो. 80 मैलांवर चेंडू 14-15 अंशांत निघाला तरच तो पुरेसा हवेत राहतो. म्हणून आमच्यासाठी साडेदहा हा खालचा आकडा धरावा, 12 असेल तर उत्तम. खाली मारलेला चेंडू पुढे घरंगळतो, असे काही जण म्हणतात. मे महिन्यात कडक फेअरवेवर घरंगळतोही. जुलै-ऑगस्टमध्ये तो जिथे पडतो तिथेच रुततो, तेव्हा हवेतून कापलेले अंतर तेवढे आपले.

शाफ्ट 40 ते 50 ग्रॅमचा, सिनियर किंवा रेग्युलर फ्लेक्सचा (लवचीकपणाचा) असावा. लांबी साडेपंचेचाळीस-सेहेचाळीस इंचांऐवजी इंचभर कमी घेतली तर चेंडू मध्यावर लागण्याचे प्रमाण वाढते. चेंडू उजवीकडे वळत (स्लाइस) जात असेल तर वजन टाचेकडे असलेला ड्रायव्हर पाहावा. बोटे दुखत असतील तर ग्रिप जाड घ्यावी. यातले काहीच महागडे किंवा गुप्त नाही, पण शाफ्टवर 'सिनियर' किंवा 'लेडीज' लिहिलेले दिसले की आमच्या पिढीतले पुरुष तो हातात घ्यायलाही तयार होत नाहीत, आणि विक्रेतेही सुचवायला कचरतात. याचे मला वाईट वाटते. अंतर कमी म्हणून कमीपणा मानायचे कारण नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताची गोल्फपटू अदिती अशोक सर्वांत कमी अंतर मारणाऱ्या खेळाडूंपैकी होती. तरीही ती चौथी आली, कांस्यपदक अवघ्या एका फटक्याने हुकले.

ज्येष्ठांसाठी म्हणून 'हाय सीओआर'चे, म्हणजे फेसची उसळी जास्त असलेले, ड्रायव्हर पुढे केले जातात, त्यांच्याविषयीही सांगायला हवे. फेसच्या उसळीला नियमांची मर्यादा आहे आणि ती ओलांडणारे ड्रायव्हर स्पर्धेत चालत नाहीत. विक्रेत्याने हे पैसे घेण्याआधी सांगितले पाहिजे.

दुकानदारांना माझी विनंती आहे की यंत्र असेल तर गिऱ्हाइकाला दहा चेंडू मारू द्या, वेगाचा आकडा त्याला दाखवा आणि मगच ड्रायव्हर काढा. क्लबांनी सरावाच्या रेंजवर वेगवेगळ्या लॉफ्टचे दोन-तीन ड्रायव्हर सभासदांना वापरून पाहायला ठेवावेत. आणि आपल्याला विनंती अशी की यापुढे नव्या ड्रायव्हरचे परीक्षण छापाल, तेव्हा मारणाऱ्याचा वेग किती होता, लॉफ्ट किती आणि शाफ्ट किती ग्रॅमचा, या तीन गोष्टी मजकुरात जरूर द्याव्यात. जमल्यास 80 मैलांच्या एखाद्या खेळाडूकडूनही तो मारून घ्यावा. असे खेळाडू हवे असतील तर आमच्यातले कितीतरी जण आनंदाने येतील.

आपला,
एक निवृत्त अभियंता, पुणे