सूचना : सोमवारपासून नवशिक्यांसाठी योगवर्ग

नमस्कार मंडळी,

येत्या सोमवारपासून सकाळी साडेसहाला सोसायटीच्या हॉलमध्ये सोप्या आसनांचा वर्ग सुरू होत आहे. "आमचं अंग वाकत नाही" म्हणून मागे राहणाऱ्यांनी तर जरूर यावं, वर्ग त्यांच्यासाठीच आहे. मांडी घालता येत नसेल तर खुर्ची मिळेल. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार गुरुजींनी खुर्ची, पट्टा, घोंगडी यांच्या आधाराने आसनं शिकवायची रीत रुजवली. आपणही तीच धरणार आहोत.

पहिला महिनाभर ताडासन (सरळ ताठ उभं राहणं), मार्जारासन, भ्रामरी (भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडणं) आणि शेवटी शवासन (उताणं पडून विश्रांती), एवढंच. मार्जारासनात गुडघे-तळवे टेकून श्वास घेताना पाठ खाली सोडायची, श्वास सोडताना वर उचलायची. दिवसभर बसून आखडलेली कंबर याने छान मोकळी होते. नियमित केलं तर तोल सुधारतो, झोपही बरी लागते. मात्र शेजारच्याचे हात पायाच्या अंगठ्याला टेकले म्हणून आपण ओढाताण करायची नाही.

रिकाम्या पोटी या. रक्तदाब, काचबिंदू किंवा मणक्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारा आणि शिक्षकांना आधीच सांगा. सतरंजी घरून आणावी.

नावं रविवारपर्यंत सेक्रेटरींकडे द्यावीत.