वळिवड्याच्या इतिहासात लाकूडतोडीचाही उल्लेख हवा

प्रति,
संपादक महोदय,

दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात असलेल्या पोलिश निर्वासितांच्या छावणीबद्दल मराठीत आजवर पुष्कळ छापून आलं आहे. १९४३ मध्ये वसलेली छावणी, तिथले सुमारे पाच हजार लोक, त्यांत बहुसंख्य बायका आणि मुलं, त्यांची शाळा, चर्च आणि नंतर त्याच जागेवर सिंधी निर्वासितांचं उभं राहिलेलं गांधीनगर. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकापाशी गेले, तेव्हाही हा इतिहास पुन्हा उजळला. मात्र या बायका कोल्हापुरात येण्याआधी दोन-तीन वर्षं काय करत होत्या, हे बहुतेक लेखांत एका ओळीत उरकलेलं असतं: रशियात त्यांचे फार हाल झाले. त्यांतल्या अनेकींना जंगलतोडीला जुंपलं होतं. आम्ही काही वाचक वखार, सॉ मिल आणि जंगलातली तोडणी यांच्याशी जन्मभर जोडलेले आहोत. ‘लाकडं तोडायला लावली’ एवढं वाचून ते काम म्हणजे लाकूडफाटा गोळा करणं वाटतं, म्हणून हे पत्र.

आधी थोडा तपशील. सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंड घेतल्यावर पहिली मोठी हद्दपारी १० फेब्रुवारी १९४० रोजी झाली. सुमारे १ लाख ४० हजार माणसं त्या एका फेरीत उचलली गेली. जमिनी मिळालेले माजी सैनिक आणि सरकारी वनखात्यातले कर्मचारी यांची कुटुंबं त्यांत मुख्य होती. वनरक्षकाला मुलखातली वाट न् वाट माहीत, अंगावर सरकारी गणवेश, म्हणून त्याच्यावर संशय. त्यांना अर्खांगेल्स्क, कोमी, उरल, सायबेरिया इथल्या जंगलांतल्या वसाहतींत नेऊन तोडणीवर लावलं. जून १९४० च्या फेरीतल्या पुष्कळ निर्वासितांच्या वाट्यालाही जंगलच आलं. एप्रिल १९४० ची फेरी मात्र वेगळी. त्यांत अटक झालेल्यांच्या बायका-मुलं होती आणि त्यांना कझाकस्तानात, बहुतांशी सामूहिक शेतांवर पाठवलं. म्हणजे वळिवड्यात आलेली प्रत्येक बाई लाकूडतोडीतून आली असं म्हणणंही चूकच.

आता काम. उत्तरेकडच्या पाइन-स्प्रूसच्या जंगलात मुख्य तोड हिवाळ्यात चालते. आपल्याकडे पावसाळा संपून रस्ते वाळले की कूप, म्हणजे आखून दिलेल्या पट्ट्यातली तोड, सुरू होतो, तिकडे जमीन गोठली की. दलदल गोठल्याशिवाय ओंडका बाहेर काढता येत नाही. वाटेवर पाणी ओतून बर्फाचा गुळगुळीत रस्ता करायचा, त्यावरून घोड्याच्या घसरगाडीने माल नदीकाठी न्यायचा, तिथे थप्प्या लावायच्या आणि वसंतात बर्फ वितळलं की नदीत सोडून द्यायचा. उन्हाळ्यात पाइनच्या सालीवर तिरक्या खाचा पाडून खाली वाटी लावायची आणि राळ गोळा करायची. हे हलकं काम मानलं जायचं. डास आणि चिलटांच्या ढगात उभं राहून पाहिलेला माणूस त्याला हलकं म्हणणार नाही.

एक झाड पाडायचं तर आधी बुंध्याभोवतीचा बर्फ फावड्याने काढावा लागतो, नाहीतर खुंट उंच राहतो आणि लाकूड वाया जातं. त्याच वेळी पळायची वाट तुडवून ठेवायची असते. ही वाट झाड पडायच्या दिशेच्या अगदी उलट नसते, मागे तिरकी असते, कारण बुंधा उसळला तर तो सरळ मागेच येतो. कमरेएवढ्या बर्फात वाट तुडवलेली नसेल तर पळणं अशक्य. मग वर पाहायचं: अडकलेली वाळकी फांदी आहे का, शेंडा कुठे झुकलाय, वारा कुठून आहे. त्यानंतर पडायच्या बाजूला कुऱ्हाडीने खाच, खोडाच्या जाडीच्या पाव ते एकतृतीयांश. मग मागच्या बाजूने करवत, खाचेच्या तळापेक्षा इंच-दोन इंच वर. कापत कापत खाचेपर्यंत जायचं नाही, जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढी पट्टी मध्ये ठेवायची. ४० सेंटिमीटरच्या खोडाला ४ सेंटिमीटर. ही पट्टी झाडाला बिजागरी होते आणि पडताना दिशा सांभाळते. करवत आत गेली की मागून पाचर ठोकायची, म्हणजे झाड मागे बसून पातं चावत नाही.

चुकतं ते इथेच. पट्टी एका बाजूला जास्त कापली गेली की झाड वळून भलतीकडे पडतं. झुकलेल्या झाडाला खाच उथळ ठेवली आणि मागचा काप सावकाश चालवला, तर खोड उभं चिरतं, चिरलेला भाग वर उसळतो आणि कापणाऱ्याच्या छातीवर येतो. कडक थंडीत ही भीती आणखी, कारण गोठलेलं लाकूड वाकत नाही, मोडतं. बिजागरी आवाज न देताच तुटते. कुऱ्हाडीच्या धारेचेही त्या थंडीत तुकडे उडतात. दुसऱ्या झाडात अडकून राहिलेलं झाड सर्वांत घातकी. त्याच्याखाली जायचं नाही, बुंधा पहारीने फिरवून सोडवायचा, हा नियम आपल्या तोड्यांनाही पाठ असतो. पण दिवसाचं ठरलेलं माप भरायचं असलेली उपाशी माणसं नियम मोडतात.

करवतीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आजकाल चेनसॉ हातात धरणाऱ्या पोरांनाही ती ठाऊक नाही. दोन टोकांना दोन मुठी, दोघींनी गुडघे टेकून आळीपाळीने ओढायची. ओढायचीच, ढकलायची नाही. ढकललं की पातं लचकतं आणि कापात अडकतं. वरून दाबायचंही नाही, पात्याचं वजन पुरेसं असतं. नवशिकी बाई थकली की नकळत मुठीवर भार टाकते आणि मग समोरचीला दुप्पट ओढावं लागतं. त्यामुळे जोडी जमणं ही शक्तीपेक्षा मोठी गोष्ट आहे, आणि जोडीदारीण आजारी पडली की दुसरीचाही दिवस बुडतो. चांगल्या पात्यात दोन तऱ्हेचे दाते असतात. कापणारे दाते आळीपाळीने डाव्या-उजव्या अंगाला किंचित वाकवलेले, म्हणजे काप पात्यापेक्षा रुंद होतो. त्यांच्यामध्ये साफ करणारे दाते, जे कापलेलं लाकूड बाहेर ओढतात आणि कापणाऱ्यांपेक्षा केसभर आखूड असावे लागतात. कानस मारणाऱ्याने सगळे दाते एका उंचीचे केले की करवत नुसती घासते. धार बरोबर असेल तर कापातून पिठासारखा भुसा पडत नाही, शेवयांसारखे लांब धागे निघतात. पाइनची राळ पात्यावर चिकटून बसते, ती रॉकेलच्या चिंधीने पुसावी लागते. रॉकेल नाही तर करवत जड. रोजचं माप भरतं की नाही, हे अशा गोष्टींवर ठरतं. मनाच्या जोरावर करवत हलकी होत नाही.

झाड पडल्यावर बुंध्याकडून शेंड्याकडे फांद्या साळायच्या. आपण खोडाच्या एका बाजूला आणि फांदी दुसऱ्या बाजूला, म्हणजे निसटलेली कुऱ्हाड पायावर येत नाही. मग तुकडे. दोन्ही टोकांना टेकलेला आणि मध्ये अधांतरी ओंडका वरून कापला की वरची बाजू मिटते आणि पातं धरून ठेवते. तिथे वरून पाचर हवी. ३० सेंटिमीटर जाडीचा सहा मीटर ओला पाइन साडेतीनशे किलोच्या आसपास भरतो. तो घसरगाडीवर चढवायला दोन तिरक्या बल्ल्या आणि पहारी. हे बायका करत होत्या, आणि त्यांच्यात शहरातून आलेल्या, आयुष्यात कुऱ्हाड न धरलेल्याही होत्या.

भाकरीचं माप कामावर. ठरलेलं काम भरलं तर भाकरी जास्त, नाही भरलं तर कमी, आणि कमी खाल्लं की उद्याचं काम आणखी कमी. आपल्याकडे ऊसतोडीची मजुरी टनावर असते, तिथे तोललेल्या टनाचे पैसे तरी मिळतात. त्या सोव्हिएत जंगलांत मोजणाराच सर्वस्व. थप्पी मोजली तर तिच्यात फटी असतात, एक घनमीटर थप्पीत भरीव लाकूड साधारण दोन-तृतीयांशच निघतं. बर्फाखाली गेलेला तुकडा मोजणीत येत नाही.

याच काळात ब्रिटनमध्येही बायका जंगलात उतरल्या होत्या, आणि ‘युद्धकाळातल्या लाकूडतोड्या स्त्रिया’ म्हणून इंटरनेटवर शोधलं की त्यांचीच छायाचित्रं वर येतात. ब्रिटनचं बहुतेक लाकूड बाहेरून यायचं. १९४० च्या वसंतात नॉर्वे जर्मनांच्या हाती गेला आणि कोळसा खाणींच्या छताला टेकू द्यायच्या बल्ल्यांची ओढाताण सुरू झाली. १९४२ मध्ये विमेन्स टिंबर कोअर हे बायकांचं लाकूडतोडीचं दल उभं राहिलं, एप्रिलमध्ये इंग्लंडात आणि मेमध्ये स्कॉटलंडात. सफोकमधल्या कलफर्डसारख्या ठिकाणी काही आठवड्यांचं प्रशिक्षण, मग तोड, साल काढणं, सॉ मिल, ट्रॅक्टर, घोडे, मोजणी. मोजणी करणाऱ्या मुलींची रीत आपल्या वखारीतलीच: गोलाईचा चौथा भाग काढा, त्याचा वर्ग करा, लांबीने गुणा. ४८ इंच गोलाई आणि १० फूट लांबी म्हणजे १० घनफूट. खरं लाकूड पावणेतेरा घनफुटांच्या जवळ असतं. पावणेतीन घनफूट वाया जाणाऱ्या कडांपोटी आधीच सोडून दिलेले. आमच्या दृष्टीने तो हिशेब अजून मोडीत निघालेला नाही.

करवत तीच, खाच तीच, धोकेही बरेचसे तेच. पण तिथे पगार होता, गणवेश होता, टोपीवर झाडाचं चिन्ह होतं. बायकांना युद्धसेवा सक्तीची झाली तरी सेवांमधून निवड करता येत होती. १९४६ मध्ये दल विसर्जित झालं. गौरव मात्र त्यांनाही उशिराच मिळाला: स्कॉटलंडात अॅबरफॉइलजवळ पुतळा २००७ मध्ये, सरकारी बिल्ला २००८ मध्ये. वळिवड्यावरच्या लेखाला ब्रिटिश मुलींचा हसरा फोटो जोडला, तर दोन्ही बाजूंवर अन्याय होतो.

३० जुलै १९४१ च्या पोलिश-सोव्हिएत करारानंतर ऑगस्टमध्ये हद्दपार पोलिशांना मोकळीक मिळाली. काही कुटुंबांनी तर ज्या नदीत लाकूड सोडायचे तिच्यातूनच तराफ्यांवर वाट धरली. मध्य आशिया, कॅस्पियन ओलांडून १९४२ मध्ये इराणमधलं पहलवी बंदर, तिथून कराची आणि वळिवडे.

कोल्हापुरातल्या महावीर उद्यानातल्या पोलिश स्मृतिस्तंभापाशी किंवा वळिवड्यात माहितीचं दालन करणाऱ्यांना आमची विनंती एवढीच. एका फलकावर १९४० मधल्या तीन हद्दपाऱ्या तारखेनिशी वेगळ्या द्याव्यात, म्हणजे जंगल कुणाच्या वाट्याला आलं आणि शेत कुणाच्या, हे कळेल. शेजारी दोन मुठींची करवत, कुऱ्हाड आणि पाचरी ठेवाव्यात. मूळ रशियन बनावटीच्या मिळाल्या तर उत्तमच, नाही तर आपल्या टिंबर मार्केटमधल्या जुन्या करवतींवर ‘अशा प्रकारची’ असं स्पष्ट लिहावं. आणि ३० सेंटिमीटर जाडीचा एक ओंडका अर्धा कापून, पाचर लावून ठेवावा. शाळेच्या सहलींना तो शिक्षकांच्या देखरेखीखाली ओढून पाहू द्यावा. करवत पुरवायला, तिला धार लावायला आणि ओंडका नीट बांधून द्यायला आम्ही तयार आहोत, खर्चासह.

आपले,
लाकूड व्यवसायातील काही वाचक, कोल्हापूर