रस्त्यावरचं पुस्तक

बर्लिन, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस, साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. खोकला गेला, हीटर चालू असतो, जेवण वेळेवर होतं. आता परत विचारू नका.

आई, रस्त्यावरचं पुस्तक उचललं म्हणून फोनवर चिडलीस, ते नीट सांगते. इथे लोक नको असलेल्या वस्तू खोक्यात भरून फुटपाथवर ठेवतात आणि वर ‘भेट’ असा कागद चिकटवतात. कपबशा, मुलांचे बूट, कधी अख्खं टेबल. ज्याला हवं त्याने न विचारता न्यायचं. बेल वाजवून आभार मानायचे नाहीत. आपण रद्दीवाल्याकडून चार पैसे तरी सोडवू. हे फुकट देतात, वर पाऊस आला तर खोक्यावर प्लास्टिक घालतात. सुटाबुटातली माणसंही थांबून चाळतात, तेव्हा यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पुस्तक पुसूनच घरात आणलंय.

तर ते होमर या प्राचीन ग्रीक कवीचं ‘इलियड’, इंग्रजीतलं. ग्रीकांनी ट्रॉय शहराला घातलेल्या वेढ्याचं महाकाव्य, त्यांचं महाभारतच म्हण. महाभारत घरात ठेवलं की भांडणं होतात, हे तुझं म्हणणं मला पाठ आहे. पण मी इथे एकटी, भांडू कुणाशी?

बाबा, तुम्ही सांगायचात तो लाकडी घोडा यात नाहीच. अकिलिसची टाचही नाही. दहा वर्षांच्या वेढ्यातले शेवटाकडचे काही आठवडे, एवढीच गोष्ट. तीही रुसव्यातून सुरू होते. ग्रीकांचा सेनापती अ‍ॅगमेम्नॉन अकिलिसच्या वाटणीला आलेली बंदिवान ब्रिसेइस काढून घेतो आणि हा सगळ्यात मोठा योद्धा लढणं सोडून आपल्या गोटात जाऊन बसतो. दुसऱ्या सर्गात जहाजांची यादी आहे, लग्नपत्रिकेतल्या निमंत्रकांइतकी लांब. ती मी सरळ ओलांडली. ट्रॉय पडलेलंही दिसत नाही, अकिलिसने मारलेल्या हेक्टरच्या, म्हणजे ट्रॉयच्या राजपुत्राच्या, अंत्यविधीवर पुस्तक संपतं.

पानोपानी माणसं मरतात, भाला कुठून घुसून कुठे निघाला त्यासकट. पण मरणाऱ्याचं घरही सांगतो हा माणूस. चौथ्या सर्गात ट्रॉयच्या बाजूचा सिमोएसियस नावाचा पोरगा आहे. त्याची आई आपल्या आईवडिलांबरोबर मेंढरं बघायला गेली होती, डोंगरावरून उतरताना सिमोएस नदीकाठी बाळंत झाली, म्हणून हे नाव. लग्न व्हायचं होतं त्याचं. ग्रीक योद्धा अ‍ॅजॅक्सचा भाला छातीत शिरून खांद्यातून बाहेर येतो, आणि होमर म्हणतो, आईबापांनी वाढवलं त्याची फेड त्याच्या हातून झाली नाही. मग लढाई पुढे चालू. मी उठून भांडी घासून टाकली.

बाबा, शेवटचा सर्ग तुम्हाला वाचून दाखवायचाय. हेक्टरचा बाप, ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम, रात्री पोराच्या मारेकऱ्याकडे, अकिलिसकडे जातो, त्याचे हात चुंबतो आणि म्हणतो, तुझ्या वडिलांना आठव, तेही माझ्याच वयाचे. दोघंही रडतात. त्यानंतर जेवतातही, हे मला फार खरं वाटलं.

आई, तुझ्यासाठी म्युझियममध्ये ट्रॉयचे दागिनेही पाहून आले. श्लीमान या जर्मन उत्खननकाराने खणून काढलेले. पण इथे ठेवलेत त्यातले बरेचसे नकला, खरे १९४५ मध्ये रशियनांनी नेले, ते मॉस्कोत आहेत.

दागिन्यांवरून आठवलं, माझ्यासाठी एवढ्यात बांगड्या करू नका. पाठवलेले पैसे बाबांच्या गुडघ्यासाठी आहेत. ‘थोडं थांबू’ करत ऑपरेशन लांबवायचं नाही. कर्जाचा हप्ता मी भरलाय, त्याची काळजी नको. तारीख ठरली की कळवा. रजा शिल्लक नाही, पण दादा आहे ना तिथे, आणि मी रोज फोन करेनच. दिवाळीचंही जमेलसं दिसत नाही. पुढच्या उन्हाळ्यात नक्की येते, अगदी नक्की.

तुमची,
सोनू

ता. क. कोल्हापूरच्या स्थळाला फोटो पाठवला नसेल तर थांबा. पाठवला असेल तर कुठला पाठवला ते कळवा.