यवतेश्वरचा घाट आणि तू

सातारा
बुधवार, रात्री साडेदहा

चि. सोनी हिस,
अप्पांचे अनेक आशीर्वाद.

तुझा डबा ओट्यावरच राहिला. तू निघालीस तेव्हा आई मागच्या दारी भांडी घासत होती. तिला वाटलं तू घेतलास, आणि मला दिसत असूनही मी हाक मारली नाही. गौरीला घरी आलेली लेक रिकाम्या पिशवीनं गेली, हे आई काल दिवसभरात चार वेळा बोलली. उद्या पिंट्या पहाटेच्या विनाथांबा गाडीनं स्वारगेटला येतोय. त्याच्याबरोबर करंज्या, शेंगदाण्याची चटणी आणि हे पत्र देतोय. फोनवर मला बोलायला जमत नाही. एक तर आवाज चढतो, नाही तर 'जेवलीस का' विचारून मी फोन आईकडे देतो.

घाटातल्या शर्यतीच्या रविवारला अकरा दिवस राहिले. तू पळू नकोस असं मी या पत्रात एकदाही लिहिणार नाही. तुझ्या दम्याच्या पंपाचंही काही लिहिणार नाही. ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

परवा जेवताना तू जे म्हणालीस ते मला लागलं. "तुम्ही मला आयुष्यभर बाकावर बसवलंत." आई म्हणाली, रागात बोलली, मनावर घेऊ नका. पण ते खरं आहे, म्हणून लागलं. पाचवीत असताना मीच शाळेला अर्ज दिला होता, 'पाल्यास दम्याचा त्रास असल्याने खेळाच्या तासातून सूट मिळावी.' हेडसरांना दिलेल्या त्या अर्जाची कार्बन कॉपी अजून ट्रंकेत आहे, तुझ्या लसीकरणाच्या कार्डाबरोबर. त्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या शर्यतींना मी ड्युटी बदलून आलो होतो. तुझ्या वर्गातल्या सगळ्या पोरी अनवाणी पळत होत्या आणि तू शेवटच्या रेघेपाशी दोरीचं एक टोक धरून उभी होतीस. पहिली आलेली पोर दोरीला छाती लावून पुढं गेली आणि दोरी तुझ्या हातातून निसटली. तू ती गुंडाळत बसलीस. मी तेव्हा मनात म्हणालो, बरं झालं, पोर सुरक्षित आहे. तुला काय वाटत असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

तुला वाटतं मी भित्रा आहे. पण यवतेश्वरच्या घाटात मी १४ वर्षं एसटी चालवलीय, सोनी. बामणोलीची गाडी. समर्थ मंदिर मागं पडलं की रस्ता डोंगराला लागतो, आणि मग यवतेश्वरपर्यंत त्याला दम नाही. तुम्ही पोलीस परेड मैदानावरून निघणार, म्हणजे गावातले चढउतार अंगावर घेऊनच घाटाच्या तोंडाशी पोचणार. तिथं पोरं जोशात असतात. दरवर्षी बघतो मी. गावातून ढोल-ताशे वाजतात, लोक गच्चीवरून टाळ्या देतात, आणि बाहेरून आलेली मंडळी पहिल्या दोन किलोमीटरमध्येच सगळा दम संपवतात. मग तिसऱ्या वळणावर कमरेवर हात ठेवून उभी. साताऱ्याच्या शर्यतीचं तसंच आहे, आधी सगळा चढ, मग कासच्या रस्त्यावरून मागं वळायचं आणि तोच डोंगर उतरायचा. २१ किलोमीटर आणि वर ९७ मीटर, त्यातलं निम्मं आभाळाकडे.

आम्हाला शिकवलं होतं, घाट ज्या गिअरला चढला त्याच गिअरला उतरायचा. नुसता ब्रेक दाबत खाली आलं की लायनर तापतात आणि खरी वेळ येते तेव्हा ब्रेक लागत नाही. गुडघ्यांचंही तसंच असणार. उतारावर प्रत्येक पावलाला मांडी शरीराला धरून ठेवते, तिथंच ती दुखून येते. तेव्हा खाली येताना लांब ढेंगा टाकू नकोस. पावलं लहान ठेव, अंग मागं झुकवू नकोस. आणि डाव्या कडेला शेवाळ असतं, डोंगरातून पाणी येतं रस्त्यावर, तिथं पाय टाकायचा नाही. धुकं असलं तर पुढच्याच्या पाठीवर नजर ठेव. आणि नवीन बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नकोस. आणि आदल्या रात्री...

बघ, चालू झालं माझं. तुझ्या त्या तीन मैत्रिणींनी हे सगळं तुला सांगितलंच असेल. तुम्ही फेब्रुवारीपासून दर रविवारी वेताळ टेकडीला जाता, दोनदा सिंहगड केलात, हे मला आईकडून कळलं. मला का नाही सांगितलंस, हे विचारत नाही. मी काय म्हणालो असतो ते आपल्या दोघांनाही माहीत आहे. पण एक सांगतो, सिंहगडाचं ऐकलं तेव्हा मी बाहेर जाऊन स्टँडवर जुन्या मंडळींना सांगून आलो. आमची सोनी सिंहगड चढते म्हणून. घरी येऊन मात्र गप्प बसलो.

काल मी आपल्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. रागावू नकोस. तुझं नाव घेऊन मीच नंबर लावला आणि आत गेल्यावर म्हणालो, पेशंट पुण्याला आहे, मी बाप आहे. त्यांनी बसवून घेतलं. मला वाटलं होतं ते म्हणतील, घाटात वगैरे नको. ते म्हणाले, दमा ताब्यात असेल तर अवश्य पळू दे, छातीला चांगलंच आहे. मग त्यांनी मला विचारलं, रात्री खोकल्यानं जाग येते का तिला? आठवड्यातून निळा पंप, त्रास झाला की ओढायचा तो, किती वेळा लागतो? जिना चढताना छातीत शिट्टी वाजते का? मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. लहानपणी तुझा श्वास मी भिंतीपलीकडून ओळखायचो. आता तू आठ वर्षं पुण्यात आहेस आणि तुला रात्री खोकला येतो की नाही हे तुझ्या बापाला ठाऊक नाही. डॉक्टर म्हणाले, आठवड्यातून दोनापेक्षा जास्त वेळा निळा लागत असेल तर दमा ताब्यात नाही, आधी मला भेटायला सांगा. सोनी, मला नको सांगूस, पण स्वतःशी खरं उत्तर दे.

त्यांनी आणखी एक सांगितलं ते मला माहीत नव्हतं. पळताना आपण तोंडानं भराभर श्वास घेतो, त्यानं आतल्या नळ्या कोरड्या आणि थंड पडतात आणि आवळतात. आणि त्रास पुष्कळदा पळताना होतच नाही, थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत होतो. तेव्हा शेवटची रेघ ओलांडलीस की फोटोसाठी एकदम उभी राहू नकोस. चालत राहा. आणि सुरू करण्याआधी दहा-पंधरा मिनिटं अंग गरम कर. निळ्याचे दोन पफ आधी घ्यायचे का, हे तुझ्या पुण्याच्या डॉक्टरांना विचारून घे. पंपाचं लिहिणार नाही म्हणालो होतो. माफ कर. एवढंच.

दुसऱ्या पंपाचं मात्र मला माझ्यासाठी लिहायचं आहे. रोज सकाळ-संध्याकाळचा. बारावीत तुझा तो पंप मी बंद करायला लावला. स्टँडवर कुणीतरी म्हणालं होतं, त्यात स्टिरॉइड असतं, पोरीचं वाटोळं होईल. त्या हिवाळ्यात तुला किती त्रास झाला. प्रिलिमला तू दोन पेपर दिलेच नाहीस. त्याच्या आधी आजीच्या हट्टापायी तुला मृगाच्या दिवशी हैदराबादला घेऊन गेलो होतो, दम्याचं औषध म्हणून जिवंत मासा गिळायला. तू ओकलीस आणि परत येताना सोलापूरपर्यंत माझ्याशी बोलली नाहीस. केळं बंद, दही बंद, पावसात जाणं बंद. तुझ्या भल्यासाठी म्हणून मी जे जे केलं त्यातलं बरंचसं चुकीचं होतं. हे आईपाशीही मी कधी बोललो नाही.

तू त्या इंग्लंडच्या बाईचं सांगितलंस, पॉला रॅडक्लिफ. मी तेव्हा म्हणालो, त्या लोकांची गोष्ट वेगळी. नंतर पिंट्याला मोबाईलवर वाचून दाखवायला लावलं. लहानपणापासून दमा, आणि २००३ साली लंडनला ४२ किलोमीटर २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत. तो विक्रम १६ वर्षं टिकला म्हणे. दम्यासकट. मी पिंट्याला ते दोनदा वाचायला सांगितलं. आणि लांब कशाला जायचं, तुझ्या कपाटाच्या दाराला आतून ललिता बाबरचं कात्रण अजून चिकटवलेलं आहे. माणदेशातल्या मोहीची पोर, आपल्याच जिल्ह्यातली. २०१६ ला रिओ ऑलिंपिकला ती स्टीपलचेसच्या, त्या अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत पळाली तेव्हा तू टीव्हीपुढं उभी होतीस, बसायला तयार नव्हतीस. ती दहावी आली आणि तू असा जल्लोष केलास की आत्या स्वयंपाकघरातून धावत आली. मला तेव्हाच कळायला हवं होतं, तुला काय हवंय ते.

आता ते लिहितो, जे लिहायचं नव्हतं.

तू दुसरीत होतीस. त्या रात्रीचं तुला आठवत नाही असं तू म्हणतेस. आई तुला रिक्षात घालून घेऊन गेली, शेजारचे काका पुढं बसले होते. तुझी नखं निळी पडली होती. मी बामणोलीला मुक्कामी. तिथं तेव्हा मोबाईलला रेंज नव्हती. मी गाडीतच मागच्या लांब सीटवर गाढ झोपलो होतो, खाली जलाशयाचं पाणी, डोक्यावर पाऊस. सकाळी पहिली गाडी घेऊन निघालो. कासला पठारावर फुलं होती, सप्टेंबरच होता, गाडीत मुंबईचं एक कुटुंब होतं. त्यांची पोर खिडकीला नाक लावून बसली होती म्हणून मी गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटं थांबवली. सगळे उतरून फुलं बघून आले. मग सावकाश घाट उतरलो. स्टँडवर गाडी लावली तर कंट्रोलर खिडकीशी आले आणि म्हणाले, चावी माझ्याकडे द्या, घरी जाऊ नका, सरळ दवाखान्यात जा.

तू तोंडाला वाफेचा मास्क लावून बसली होतीस आणि मला बघून हात हलवलास. बरी होतीस. धोका पहाटेच टळला होता. पण ती पाच मिनिटं माझ्या हिशेबातून आजवर गेलेली नाहीत. त्या घाटातून मी त्यानंतर कितीदा गेलो असेन, त्या जागी आलं की पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर दाबला जायचा.

आणि तू नेमका तोच घाट निवडलास. पुण्यात, मुंबईत इतक्या शर्यती होतात, सपाट रस्त्याच्या. तू म्हणालीस, माझ्या गावात पळायचंय, अप्पांच्या रस्त्यावर. हे तू आईला म्हणालीस. आईनं मला काल सांगितलं, तू गेल्यावर. मला म्हणाली असतीस तर कदाचित भांडण झालंच नसतं. की तरीही झालं असतं, कोण जाणे.

तर माझं म्हणणं एवढंच. शनिवारी तुम्ही चौघी इकडेच मुक्कामाला या. लॉजवर कशाला पैसे घालवता? वरची खोली झाडून ठेवतो. आई भात-वरण करील साधं, तेलकट काही नाही. पहाटे मैदानावर मी सोडीन. छातीवर जो नंबर लावतात त्याच्या मागं आजार आणि घरचा फोन लिहायला जागा असते, तिथं दमा लिही. लपवू नकोस. मैत्रिणींनाही माहीत असू दे, तुझा पंप कुठल्या खिशात आहे आणि तो कसा द्यायचा. चौघींपैकी एक तरी तुझ्याबरोबर राहू दे. त्यांना वेळ काढायची असेल तर त्यांनी पुढं जावं, पण मग मला आधी सांग.

मी घाटात येईन. जिथून समोर अख्खा अजिंक्यतारा दिसतो, त्या वळणावर. तिथून तू वर जाताना एकदा आणि उतरताना एकदा दिसशील. रस्ता बंद करायच्या आधी स्कूटरनं जाऊन बसतो. छत्री असेल. तुला थांबवणार नाही, हाकही मारणार नाही. तू ओळख दाखवली नाहीस तरी चालेल. मला फक्त तुझा श्वास ऐकायचाय, जवळून जाताना. खिशात एक पंप ठेवतो, नवीन, परवाच घेतला. लागायचा नाही. पण तेव्हा माझ्याकडे नव्हता.

आई झोपली. दोनदा उठून विचारून गेली, काय एवढं लिहिताय. तिला सांगितलं, डब्याबरोबर चिठ्ठी. करंज्यांतल्या वरच्या थरातल्या ओल्या नारळाच्या आहेत, त्या आधी संपवा, टिकणार नाहीत. मैत्रिणींना दे. स्टीलचा डबा शनिवारी येताना परत आण, आत्याचा आहे तो.

तुझे,
अप्पा

ता. क. निळ्या पंपावर मागच्या बाजूला एक्सपायरीची तारीख बारीक अक्षरात असते. पत्र वाचून झालं की लगेच बघ.