पेरू कुठे गेला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला चिली आणि बोलिव्हिया यांच्यावरचा लेख वाचला. सोमवारी पुन्हा वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं की मधला एखादा परिच्छेद छपाईत गळला असावा. गळलेला नव्हता. चिली श्रीमंत का, तर शिस्त. बोलिव्हिया गरीब का, तर बेशिस्त आणि समाजवाद. आणि चिलीने युद्धात बोलिव्हियाचा सगळा किनारा घेतला, तेव्हापासून समुद्रावरून चाललेलं दीडशे वर्षांचं भांडण? तो म्हणे भावनिक मुद्दा, दोघा शेजाऱ्यांनी एकदा समोरासमोर बसून मिटवावा असा! लेखकमहाशयांची भाषा छान आहे, आलेखही रंगीत होते. पण दोघांनी बसून मिटण्यासारखं ते प्रकरण असतं, तर १९७५ सालीच मिटलं असतं.

त्या वर्षी चिलीचा पिनोशे आणि बोलिव्हियाचा बान्सेर हे दोघे लष्करशहा सरहद्दीवरच्या चरान्यात भेटले. चिलीच्या अरिका बंदराच्या उत्तरेची चिंचोळी पट्टी बोलिव्हियाला द्यायची आणि बदल्यात चिलीने तेवढी जमीन घ्यायची, असं घाटत होतं. पण अरिका मुळात पेरूचं, १८७९ ला सुरू झालेल्या युद्धात चिलीने घेतलेलं. १९२९ च्या तहात चिली आणि पेरूने लिहूनच ठेवलंय की या मुलखातला तुकडा तिसऱ्याला द्यायचा तर दुसऱ्याची संमती लागेल. पेरूने तिघांच्या सामायिक ताब्याची पाचर मारली, चिलीने ती झिडकारली, आणि १९७८ मध्ये बोलिव्हियाने संबंधच तोडले. पुढची कित्येक दशकं दोन्हीकडे राजदूत नव्हते. आपल्या पानभर लेखात पेरूचं नाव एकदाच येतं, तेही माचू पिचूच्या फोटोखाली.

हे मी पुस्तकं चाळून सांगत नाही. मी बोटीवर चीफ ऑफिसर होतो आणि नव्वदच्या दशकात अरिकाला माल उतरवायला जात असे. गावाच्या डोक्यावर सरळसोट तपकिरी कडा, त्याच्यावर चिलीचा भलाथोरला झेंडा, खाली धक्का, मागे वाळवंट. पाऊस म्हणजे काय ते तिथल्या पोरांना माहीत नसावं. धक्क्यावर उतरणाऱ्या मालावर बघावं तर 'बोलिव्हिया, इन ट्रान्झिट'. म्हणजे जो देश नकाशात तिथे नाही, त्याच्यावर अर्धं बंदर जगतं.

एका खेपेला यंत्रांची खोकी होती, बोलिव्हियातल्या ला पाझकडे जाणारी. बोलिव्हियाच्या कस्टम्सचा माणूस बगलेत रजिस्टर मारून आला. चिलीबरोबरच्या १९०४ च्या तहाने बोलिव्हियाला इथे स्वतःचा कस्टम्स एजंट ठेवता येतो. त्याची आणि चिलीच्या फोरमनची जुंपली, कारण खोकी यार्डाच्या पार मागच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली होती आणि पुढे दुसराच माल लागला होता. एजंट तहाचं कलम तोंडपाठ म्हणत होता. फोरमनने सिगरेट विझवली आणि शांतपणे म्हणाला, "तहात लिहिलंय मोकळं जाऊ द्यायचं आणि कायमचं जाऊ द्यायचं. कधी, ते कुठे लिहिलंय?" आजूबाजूचे हमाल हसले. एजंट हसला नाही.

गेटाबाहेर बोलिव्हियाचे ट्रकवाले गाडीखाली सावलीत पसरलेले, एका गालात कोकाच्या पानांचा तोबरा, शेजारी स्टोव्हवर बटाटे. मलाही पानं पुढे केली, आमच्या कंपनीचे नियम आठवून मी हात जोडले. त्यांना पुढे समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे किलोमीटरमध्ये साडेचार हजार मीटरच्या वर चढायचं. आंबा घाटात बॉनेट उघडून उभे राहणाऱ्यांनी हा आकडा पुन्हा एकदा वाचावा. खोकी यार्डात अडली, संप झाला, खिंडीत बर्फ पडलं, तरी ट्रक उभा तो उभाच, आणि उभ्या ट्रकचा खर्च शेवटी ला पाझच्या दुकानातल्या किमतीत चढतो. याला आपले लेखक भावनिक मुद्दा म्हणतात. त्यांचं पार्सल कधी अडकलेलं दिसत नाही.

सगळ्यांत जास्त झोंबलं ते नौदलावरचं वाक्य. समुद्र नसलेल्या देशाला नौदल कशाला, म्हणे! बोलिव्हियाचं नौदल टिटिकाका सरोवरावर आहे, ३,८०० मीटरवर, आणि ॲमेझॉनला मिळणाऱ्या नद्यांवरही आहे, जिथे रस्ता नाही आणि चोरटा व्यापार भरपूर. दर २३ मार्चला देशभर समुद्राचा दिवस पाळतात, शाळकरी मुलं संचलन करतात. १८७९ मध्ये त्याच तारखेला कालामाजवळ तोपातेरच्या पुलावर चिलीच्या फौजेशी लढताना बोलिव्हियाचा एदुआर्दो आबारोआ पडला. शरण ये म्हटल्यावर 'तुझ्या आजीला सांग शरण जायला' असं तो शिवी हासडून म्हणाल्याचं तिथे पोरंसोरंही सांगतात. असल्या माणसांच्या देशाची रविवारच्या चहाबरोबर टिंगल करायला फारशी अक्कल लागत नाही.

आता शिस्तीचं. ज्या कालामात आबारोआ पडला, त्याच्याच बाजूला चुकिकामाता आहे, जगातल्या सर्वांत मोठ्या उघड्या तांब्याच्या खाणींपैकी एक. चिलीचं लिथियम येतं ते आताकामाच्या मिठाच्या मैदानातून. दोन्ही जागा युद्धाआधी बोलिव्हियाच्या होत्या. बोलिव्हियाकडे उरलं उयुनीचं मिठाचं मैदान, दहा हजार चौ. किमी पांढरंशुभ्र, पर्यटकांना फोटो काढायला उत्तम. पण तिथे पावसाळ्यात पाणी साचतं, म्हणून खारं पाणी उन्हात आटवायला वेळ लागतो, आणि त्यात मॅग्नेशियम फार, त्यामुळे लिथियम वेगळं काढणं महाग पडतं. आताकामात पाऊस नाही, हवा कोरडी, काम झटपट. यात शिस्त कुठे आली?

बोलिव्हियावाले काही साधुसंत नाहीत. नवा कर लावणार नाही असं १८७४ मध्ये कबूल करून त्यांनीच चार वर्षांत अँटोफागास्टाच्या सोरा कंपनीवर क्विंटलमागे दहा सेंटाव्हो कर बसवला आणि युद्धाची ठिणगी पाडली. २००३ मध्ये नैसर्गिक वायू चिलीच्या बंदरातून विकायचा बेत निघाला, तर रस्त्यावर रक्त सांडलं आणि अध्यक्ष सांचेस दे लोसादांना देश सोडून जावं लागलं. २००६ मध्ये अध्यक्ष मोरालेस यांनी वायू राष्ट्रीयीकृत केला, काही वर्षं पैसा खुळखुळला, पण नव्या विहिरी शोधायचं राहिलं. २०११ मध्ये डॉलरचा भाव ६.९६ बोलिव्हियानोंना (हे तिथलं चलन) बांधून टाकला, आणि २०२३ पासून बँकेत डॉलर मिळेनासे झाले, पंपावर डिझेल मिळेनासं झालं. हे सगळं लिहायला हवंच होतं. पण वायू समुद्रापार विकायचा तर नळ परक्याच्या बंदरात न्यावा लागतो, हेही त्याच वाक्यात यायला हवं होतं. २०१८ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १२ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं की बोलिव्हियाला समुद्र देण्यासाठी वाटाघाटी करण्याचं चिलीवर बंधन नाही. म्हणजे तो रस्ताही संपला. आता चीनच्या पैशाने पेरूचं चांकाय बंदर उभं राहिलंय, २०२४ मध्ये उद्घाटन झालं, आणि पेरूच्याच इलो बंदराजवळ पेरूने १९९२ मध्ये बोलिव्हियाला दिलेली किनाऱ्याची पट्टी आहेच. बोलिव्हियाचा माल उद्या कुठून जाईल ते यावर ठरायचंय. पेरू वगळून लेख लिहिणाऱ्याला ते दिसणार कसं?

आणि पॅराग्वे! तोही भूवेष्टित, बोलिव्हियाशी १९३२ ते ३५ चाको युद्ध लढून जिंकलेला. पण त्याला नदी आहे. पॅराग्वे-पारानामधून सोयाबीनचे बार्जेस थेट अर्जेंटिनाच्या रोसारिओकडे जातात, तिथे तेल गाळलं जातं, आणि त्या तेलाच्या भावाने आपल्या लातूरच्या बाजारात सोयाबीनचा भाव हलतो. नदी २०२४ सारखी आटली की बार्जेस अर्धे भरून सोडावे लागतात. आपल्या नकाशात मात्र पॅराग्वे टाइल्सच्या जाहिरातीखाली गेला होता. नकाशा आणि जाहिरात दोन्ही नीट छापता आले नसते का? जाहिरात अर्धा इंच सरकली असती तर टाइल्स फुटल्या नसत्या.

पत्र दोनशे शब्दांत पाठवा अशी आपली सूचना मी वाचली आहे. रविवारच्या लेखालाही तीच मर्यादा लावली असती तर त्यातलं निदान 'शिस्त' तरी कमी वेळा आलं असतं. लेखकांनी उत्तर दिलं तर जरूर छापा, मी पेरूबद्दलचं त्यांचं म्हणणं वाचायला उत्सुक आहे. आणि शब्दकोड्याची उत्तरं गेल्या बुधवारपासून छापलेली नाहीत, तेही कोणाच्या तरी टेबलावर अडकलं असेल, तेवढं बघावं.

आपला,
एक निवृत्त चीफ ऑफिसर, दापोली
(वर्गणी अजून भरलेली आहे)