जळकं ऑइल आणि पुन्हा उगवलेलं गवत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फरशांच्या सांध्यांत किंवा कुंपणाकडेला गवत माजलं की त्यावर गाडीचं जळकं ऑइल ओतायचं, हा उपाय मोठ्या खात्रीने सांगितला जातो. गवत मरतं, हे खरं. पुढे कधीतरी कडेची हरळी त्या डागावर सरकते आणि सांगणारा म्हणतो, "बघा, जमिनीला काही झालं नाही." माझी हरकत आहे ती या वाक्याला.

मी वनस्पतिशास्त्र शिकवत असे. एकदा अशा डागावर पुन्हा उगवलेली आणि चार पावलांवरच्या स्वच्छ मातीतली अशी दोन्हीकडची हरळी मुलांपुढे ठेवली. डागावरची जरा बुटकी, पानं अरुंद. वरून एवढाच फरक. मग मुळांचे ब्लेडने पातळ काप घेऊन सॅफ्रनिनमध्ये रंगवले. कडक, लाकडी झालेल्या पेशीभित्तिका या रंगाने लाल दिसतात. स्वच्छ मातीतल्या मुळात गाभ्याभोवतीची लाल कड बारीक होती. डागावरच्या मुळात ती चांगली जाड, सालीतल्या पेशी वेड्यावाकड्या, काही चेपलेल्या, आणि जलवाहिन्यांची तोंडं लहान. एका कापावरून सिद्धांत मांडू नये, हे मीच मुलांना बजावायचो. ऑइल किती, गवत कुठलं, माती कशी, यावर चित्र बदलतं. काही गवतांची मुळं उलट जाड होतात.

असं का होतं? ऑइल मातीच्या कणांना लपेटतं. वर ओतलेलं पाणी मुरायचं सोडून ओघळून जातं, कणांमधली हवा कोंडते. त्यात ऑइल खाणारे जिवाणू वाढले की उरलासुरला प्राणवायू आणि नत्र तेच ओढून घेतात, म्हणून पानं पिवळी पडतात. माती ओली दिसत असली तरी मूळ तहानलेलं राहतं. आत येणारं ऑइल थोपवायला मूळ आपल्या भिंती जाड करतं, पण त्याच भिंती पाण्यालाही आडव्या येतात.

नवं ऑइल आणि जळकं ऑइल यांतही फरक आहे, तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. इंजिनाची झीज रोखायला घातलेलं जस्त ऑइलमध्ये आधीपासूनच असतं. वापरात त्यात झिजलेल्या भागांतलं लोह, तांबं, शिसं, क्रोमियम मिसळतं, आणि अर्धवट जळलेल्या इंधनातून आलेली, कर्करोगाशी संबंध असलेली बहुचक्रीय संयुगंही. ऑइलचा बराचसा भाग जिवाणू हळूहळू पचवतात, धातू मात्र कुणालाच पचत नाहीत. हरळीसारखी चिवट गवतं अशा मातीत तग धरतात, म्हणून तर माती सुधारण्याच्या प्रयोगांत गवतं लावतात. पण तग धरणं वेगळं आणि माती शुद्ध असणं वेगळं. डागावरचं हिरवं गवत कापून कुणी जनावरापुढे टाकू नये, एवढं तरी यातून कळावं.

कारच्या एका ऑइल बदलात तीन ते पाच लिटर काळं ऑइल निघतं. ते शुद्ध करून पुन्हा वापरता येतं. मात्र त्यात पाणी, कूलंट किंवा पेट्रोल मिसळलं की ते काम अवघड होतं. म्हणून झाकणाच्या डब्यात वेगळं ठेवून ते गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यावं. सांडलंच, तर पाण्याचा पाइप लावू नका, त्याने डाग फक्त पसरतो. भुसा किंवा कोरडी माती टाकून टिपून घ्या. आणि सांध्यातलं गवत? ते खुरप्याने निघतं.

आपला,
वनस्पतिशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक