ते डोंगर आत्ता उघडे पडलेले नाहीत

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही अंटार्क्टिकाचा अर्ध्या पानाचा फोटो छापलात, पांढऱ्याशुभ्र बर्फातून वर आलेले काळे सुळके, फोटो इतका भारी की मी कापून ठेवला. पण खालची ओळ वाचून राहवलं नाही. 'बर्फ वितळल्याने उघडे पडलेले डोंगर' असं लिहिलंय, ते चूक आहे. मी 31 वर्षं भूगोल शिकवला, आता रिटायर आहे, पण आमच्या गल्लीतली पोरं अजून अभ्यासाला येतात आणि त्यातल्या एकीने तुमची ओळ जशीच्या तशी प्रोजेक्टच्या वहीत उतरवली, म्हणून हे पत्र.

या सुळक्यांना नुनाटक म्हणतात, शब्द ग्रीनलंडच्या इनुइट लोकांचा. बर्फाच्या थराखाली आख्खी पर्वतरांग गाडलेली असते आणि तिची फक्त टोकं वर दिसतात. अंटार्क्टिकात बर्फाची सरासरी जाडी जवळपास 2 किलोमीटर आहे. सातारा शहरातून वर बघितलं तर आपला अजिंक्यतारा किल्ला साधारण 300 मीटर, म्हणजे असे सहा अजिंक्यतारे एकावर एक ठेवले तरी बुडतील एवढा बर्फ, त्यातून जे डोकं वर काढतात ते किती उंच असतील बघा. आणि ते उघडे राहतात कारण कडे इतके उभे की बर्फ ठरत नाही, त्यात आतल्या पठारावरून उतरणारं वारं सगळा भुसभुशीत बर्फ उडवून नेतं, शिवाय काळा दगड उन्हाने तापतो. यातले कित्येक सुळके हजारो वर्षं असेच उघडे उभे आहेत, काही तर त्याहूनही कितीतरी जास्त काळ.

आता तुम्ही म्हणाल मग बर्फ वितळतोय ते खोटं का? अजिबात नाही, काही ठिकाणी कडेचा बर्फ पातळ होऊन नवे खडक वर येतायत हेही खरंय. पण ते कळतं कसं, तर याच जुन्या नुनाटकांवरून! मे महिन्यात बामणोलीला जा. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचं पाणी उतरलेलं असतं आणि काठाच्या डोंगरांवर एका लेव्हलच्या खाली नुसती उघडी लाल माती नि दगड, वर झाडी. पाणी कुठपर्यंत होतं ते कुणाला विचारावं लागत नाही. तसंच तिकडे सुळक्यांच्या अंगावर बर्फाने घासल्याच्या खुणा असतात, आणि बर्फाने लांबून वाहून आणून टाकलेले परके दगड असतात, आत्ताच्या बर्फाच्या कितीतरी वर. म्हणजे कधीकाळी बर्फ तिथपर्यंत चढलेला होता. शास्त्रज्ञ त्या दगडांमधली गारगोटी तपासतात. दगड उघड्यावर आला की अवकाशातून येणारे कॉस्मिक किरण त्याच्यावर पडतात आणि आत बेरिलियम-10 (बेरिलियम धातूचा एक प्रकार) तयार होत राहतं, जाड बर्फाखाली असताना हे किरण पोचतच नाहीत. ते बेरिलियम मोजलं की दगड बर्फाबाहेर येऊन किती वर्षं झाली ते निघतं. तुमच्या फोटोतला सुळका म्हणजे बर्फ चढल्या-उतरल्याची नोंदवही आहे हो, आणि आपण त्याखाली लिहिलं की तो काल-परवा वर आला.

बरं तिथे जीवही आहेत. दगडावर शेवाळ, दगडफूल, डोळ्याला नीट दिसत पण नाहीत असले किडे. आणि पेट्रेल पक्षी! अंटार्क्टिकाच्या क्वीन मॉड लँड भागात स्वार्थामारेन नावाचा डोंगर आहे, समुद्रापासून सुमारे 200 किलोमीटर आत, तिथे अंटार्क्टिक पेट्रेलची प्रचंड मोठी वसाहत आहे. अंडी घालायला उघडा दगड लागतो म्हणून एवढ्या आत यायचं आणि खायला परत समुद्रावर जायचं. आपल्या कासच्या सड्यावर बोटभर मातीत फुलं कशी तग धरतात ते ज्यांनी बघितलंय त्यांना याचं मोल सांगायला नको.

उघड्या दगडाचं महत्त्व आपल्या लोकांनाही चांगलं कळलंय. 1983-84 साली भारताने दक्षिण गंगोत्री स्टेशन बर्फावर बांधलं, ते बर्फातच गाडलं गेलं. मग 1989 मध्ये मैत्री उभं राहिलं ते शिरमाकर ओॲसिसच्या, म्हणजे बर्फ नसलेल्या उघड्या पट्ट्याच्या, खडकावर. तिथून दक्षिणेला वोल्थाट पर्वताचे सुळके बर्फातून वर आलेले आहेत आणि आपल्या भूवैज्ञानिकांनी तिथे जाऊन नकाशे केलेत.

त्या वहीवालीने मला विचारलं, मॅडम तो दगड आपल्यासारखाच काळा आहे मग आपलाच का? नाही गं बाळा, आपला सह्याद्रीचा बसाल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांचा आणि तिकडच्या त्या पर्वतांचे खडक 50 कोटींहून जुने. पण भारत आणि पूर्व अंटार्क्टिका एकेकाळी गोंडवन नावाच्या प्राचीन महाखंडात एकमेकांना चिकटून होते, आपला बसाल्ट त्या फारकतीनंतरचा. तिने ते लगेच लिहून घेतलं, पण तुमची ओळ काही खोडली नाही, म्हणाली पेपरात छापून आलंय ना.

तेव्हा विनंती एवढीच, तोच फोटो त्याच पुरवणीत परत छापा, तेवढाच मोठा, आणि खाली नीट लिहा की हे नुनाटक आहेत, बर्फाखालच्या पर्वतांची शिखरं. तो अंक मी तिला दाखवेन.

आपली,
एक जुनी वाचक
शाहूपुरी, सातारा